विचारलं कोणाला, डॉक्टर?

डॉक्टर, बसस्टँडसमोर तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर तुमच्या नावाखाली 'सुप्रसिद्ध कर्करोगतज्ज्ञ' असं छापलंय. दोन्ही शब्द चूक. सुप्रसिद्ध तुम्ही कधीच नव्हतात; तुमच्या गल्लीतला दूधवाला तुम्हाला 'रगत-लघवीवाले डॉक्टर' म्हणायचा. आणि तज्ज्ञ म्हटलं की तुम्ही हात झटकायचात. "मी बरं करत नाही पोरी, मी फक्त बघतो. बरं करणारे वेगळे." फोटो कुठल्यातरी लग्नातला आहे, तुमच्या खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलाय. आणि खाली शोकाकुल म्हणून ज्यांची नावं आहेत, त्यांतल्या दोघांचे पानठेले आहेत.

मी तो उतरवायला निघाले होते. काकूंनी अडवलं. म्हणाल्या, "राहू दे गं. ह्यांना जन्मात कोणी एवढं मोठं छापलं नव्हतं."

म्हणून फ्लेक्स आहे तिथेच आहे, आणि मी इथे कागदावर चिडतेय. चिडायला फ्लेक्स हे निमित्त. राग तुमचा आहे. एवढं मोठं भांडण आपल्यात चालू होतं, ते मध्येच टाकून, दुपारचा चहा अर्धा ठेवून, छातीत कळ आली म्हणून तुम्ही मोकळे झालात. भांडणात असं करतात का? गेल्या आठवड्यात तेरवी झाली. लोक तुमच्याबद्दल फार गोड बोलले. शांत, निगर्वी, देवमाणूस. मला तर तुम्ही कधी शांत वाटला नाहीत. हट्टी वाटलात. आवाज न चढवता माणूस किती हट्टी असू शकतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं.

मी पहिल्यांदा तुमच्या लॅबमध्ये आले ती पत्रक घेऊन. आमच्या व्यसनविरोधी गटाचं पहिलंच पत्रक. लाल शाई. मथळा होता, 'तंबाखू खाल तर मराल!' त्यावर एखाद्या डॉक्टरची सही असावी म्हणून मी गावभर फिरत होते. बाकीच्या डॉक्टरांनी न वाचताच पेन उघडलं होतं. वाचणारे तुम्ही एकटे निघालात. आणि तुम्ही पेन्सिल काढलीत.

"मराल म्हणजे कोण?"

"खाणारे."

"सगळे?"

"सगळेच की!"

तुम्ही खिडकीबाहेर बोट दाखवलंत. समोरच्या ओट्यावर एक म्हातारा तळहातावर तंबाखू मळत बसला होता. "हे बाबूराव. मी हाफचड्डीत होतो तवापासून मळून राह्यले. तुझं पत्रक त्यांना दे. वाचतील, हसतील, शेजारच्याला दाखवतील. पत्रक मेलं. बाबूराव जिवंत."

"मग काय लिहू? 'खा, बघू काय होतं ते'?"

"'धोका कितीतरी वाढतो' असं लिही."

"धोका वाढतो म्हटल्यावर कोणी पुडी फेकतं का?"

"'मराल' म्हटल्यावर फेकतं का?"

सही तुम्ही दिली नाहीतच. मी ते पत्रक तसंच वाटलं, तुमच्या नाकावर टिच्चून, पहिलं बाबूरावांनाच दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी त्यात तंबाखू बांधून ठेवलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तुम्हीही पाहिली असणार, खिडकी तुमचीच. पण तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, साधं हसलासुद्धा नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हसला असतात तर मी पुन्हा आले नसते.

तुमचं काम नेमकं काय, हे मला तेव्हा कुठे कळत होतं? रोगी तुमच्याकडे येतच नव्हते. यायच्या त्या बाटल्या. शल्यचिकित्सकानं गालातून, जिभेवरून, अन्ननलिकेतून काढलेला तुकडा औषधी पाण्यात घालून नातेवाईक एस.टी.नं घेऊन येत. मेहकरहून एक माणूस आला होता, आठवतो? लोणच्याच्या बरणीत तुकडा. फॉर्मॅलिनचा पत्ता नाही.

"यातलं औषध कुठं गेलं?" तुम्ही विचारलंत.

"त्याचा लय वास येत होता जी. मोटारीतले लोकं बोंबलत होते. म्हून सांडून देल्लं अन् मीठ-पानी टाकलं. मिठानं टिकते ना?"

मी ओरडणारच होते. त्या तुकड्यात त्याच्या बायकोचं सगळं पुढचं आयुष्य होतं आणि यानं त्याचं लोणचं घातलं होतं! तुम्ही मला डोळ्यांनी गप्प केलंत. त्याला पाणी दिलंत. म्हणालात, "टिकते, पण मले पायजे तसं टिकत नाही. पाहतो काय होते ते." त्यानंतर प्रत्येक दवाखान्यात तुमच्याकडून जाणाऱ्या रिकाम्या बाटल्यांवर तुम्ही चिठ्ठी चिकटवायला लागलात: 'वास आला तरी सांडू नोका.' एवढंच. वर लाल शाई नाही, खाली उद्गारचिन्ह नाही. मी म्हटलं, याला कोण विचारतो? तर बाटल्या भरलेल्या यायला लागल्या. तेव्हाही तुम्ही काही बोलला नाहीत. डॉक्टर, जिंकल्यावर थोडं तरी बोलावं माणसानं. समोरच्याला भांडायला जागा राहते.

दिवसभर तुम्ही पोटापाण्याचे रिपोर्ट करायचात आणि संध्याकाळी स्वतःचं काम उघडायचात. 'तोंडापासून पोटापर्यंतचा रस्ता' असं तुम्ही त्याला म्हणायचात. तोंडाचा कर्करोग आणि त्याच रस्त्यावर पुढे, अन्ननलिकेचा आणि जठराचा. आपल्या भागात कोणाला, कुठे, कशानं होतो. मागच्या खोलीत जुन्या तुकड्यांचे मेणात बसवलेले ठोकळे रचून ठेवलेले. तुम्ही बुलडाणा सोडून मोठ्या शहरात का गेला नाहीत असं कोणी विचारलं, की तुम्ही म्हणायचात, "इथं वर घाटावर हवा थंड आहे. खाली मलकापूरलाच राहिलो असतो तरी मे महिन्यात माझं मेण पाघळलं असतं." हे खरं कारण होतं की टाळायचं उत्तर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "मला पण हेच सांगितलं होतं, लग्नाआधी."

एकदा तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंत. मला गुलाबी-जांभळा चिखल दिसला.

"ही रेघ दिसली? हा बांध समज. वरच्या पेशींनी बांधाच्या आत राहायचं असतं. आतल्या आत वेड्यावाकड्या वाढल्या तरी अजून वेळ असते. बांध फोडून खाली उतरल्या की वावर गेलं."

"यात फोडलाय?"

"हा काय, इथं."

तुम्ही बोटानं काही दाखवलं नाहीत, काच जराशी सरकवलीत. मला दिसलं. त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले नाही. आणि मला हेही कळलं, की हे असं रोज बघणारा माणूस 'मराल' हा शब्द इतका जपून का वापरतो. पण हे मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या पत्रकातून आणखी दोन शब्द खोडले असते.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या संशोधनात एक कोडं होतं. पुरुषांच्या तोंडाच्या रोगात गणित सरळ जुळायचं. ज्या गालात तंबाखू धरतो, त्याच गालात रोग. पण अन्ननलिकेच्या रोगात ज्या बायकांच्या बाटल्या यायच्या, त्यांच्यात कितीतरी जणींच्या नावापुढे 'व्यसन नाही' असं असायचं. तुम्ही वर्षानुवर्षं कारण शोधत होतात. चुलीचा धूर पाहिलात. उकळता चहा पाहिलात. ठेचा, मिरची, विहिरीचं पाणी, सगळं पाहिलंत. मोठ्या परिषदांत जाऊन 'कारण अद्याप स्पष्ट नाही' असं सांगून आलात. हे तुम्ही मला कौतुकानं सांगत होतात, एखादं अवघड शब्दकोडं दाखवावं तसं.

मी म्हटलं, "व्यसन नाही, हे कोणी सांगितलं?"

"आपण प्रत्येकाला विचारतो. बाटली आली की."

"विचारलं कोणाला, डॉक्टर?"

"जे बाटली घेऊन येतात त्यांना."

"म्हणजे नवरा. नाहीतर दीर. नाहीतर मुलगा."

तुम्ही चष्मा काढलात.

"आपल्याकडचा कोणता नवरा खिडकीत उभा राहून सांगेल, की माझी बायको तंबाखू खाते? ती घरात काय खाते हे त्याला माहीत तरी असतं का?"

तुम्ही चष्मा पुसत बसलात. मग म्हणालात, "तू म्हणतेस त्याला पुरावा काय?" पुरावा! मला हसावं की रडावं कळेना. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात जाऊन बघा म्हटलं. तुम्ही लगेच म्हणालात, "चल." तुमच्या हट्टाचा एवढा एक उपयोग होता.

मी तुम्हाला रोहिणखेडला माझ्या मावशीकडे नेलं. पाणी देऊन होत नाही तोच मावसभावानं सांगून टाकलं, "आमच्या घरच्या बाया तसलं काई खात नाई जी. आधीच सांगून ठेवतो." आणि तुम्ही मान डोलावलीत! मला तर कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. मी त्यालाच दूध आणायला पिटाळलं आणि तुम्हाला ओसरीतून उठवून सरळ आत नेलं. परका माणूस स्वयंपाकघरात आलेला पाहून मावशीनं पदर असा ओढला, जसं काही पोलीस आले.

"मावशी, तंबाखू दाखव यांना."

"कायची तंबाखू व?"

"कनवटीला काय आहे मग? सोनं?"

मावशी तोंडाला पदर लावून हसली आणि कनवटीची डबी काढून पुढे ठेवली. तुम्ही पाटावर बसलात. तुमचा आवाज बदलला, तिच्यासारखा झाला.

"कवापासून खाता, ताई?"

"पहिल्या बाळंतपनापासून. दात दुखत होता. सासूनंच देल्ली."

"थुंकता कुठं?"

"वावरात असलं तं थुंकून टाकतो. घरी कुठी थुंकू बाप्पा? सासरा ओसरीत बसते, जेठ अंगनात. त्यायच्यासमोर पचकन थुंकलं तं माहे मायबाप काढतीन. गिळा लागते."

"रोज?"

"आता रोजच नाई तं काय सनावाराले?"

चुलीवर चहा उतू गेला, तरी तुमचं लक्ष नव्हतं. सासऱ्याची अदब राखायची म्हणून आपल्याकडची सून तोंडातला रस गिळते. तो कुठे जातो? तुमच्याच रस्त्यानं खाली जातो. तुम्ही धूर पाहिलात, विहिरी पाहिल्यात, आणि ही गोष्ट प्रत्येक घरात तुमच्या बसण्याच्या जागेपासून एका भिंतीपलीकडे होती.

परतीच्या बसनं राजूर घाट चढला. मग तुम्ही म्हणालात, "माझी सगळी 'व्यसन नाही' पाण्यात गेली."

माझ्या डोक्यात मथळा तयार होता. 'सासऱ्यासमोर थुंकता येत नाही, म्हणून ती मेली.' मी तुम्हाला ऐकवला. दुसरा कोणी असता तर तो त्या दिवशी गप्प तरी बसला असता. तुम्ही लगेच म्हणालात, "छापू नको."

"का?"

"एक मावशी म्हणजे एक मावशी."

तिथून आपलं जे भांडण सुरू झालं ते तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत. तुम्ही सगळं पुन्हा विचारायला निघालात. ज्या बायका गेल्या होत्या त्यांच्या जावांना, लेकींना, शेजारणींना. बायका तुमच्याशी बोलणार नाहीत म्हणून मला बरोबर घेतलंत. रविवारमागून रविवार! प्रत्येक घरी आधी चहा. प्रत्येक घरी आधी शेत, पोरं, पाऊसपाणी. मग कधीतरी तंबाखू. आणि वर तुमचा हट्ट, की ज्या बायकांना काहीच झालेलं नाही त्यांनाही हेच विचारायचं.

"ज्या ठणठणीत आहेत त्यांना कशाला?"

"त्याही गिळत असतील तर?"

"तर काय?"

"तर मग गिळण्यानंच होतं असं कसं म्हणशील?"

मी चिडले, कारण तुमचं बरोबर असणं आणि तेवढ्यात बायका मरत असणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मी म्हटलं, "गावोगावची पोस्टरं बघा. सगळ्यांवर बाप्याचंच तोंड. बाईचं तोंड कुठंच नाही. त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नाही, आणि तुम्ही म्हणता थांब."

तुम्ही मला समजावलंत. तुमचा तो समजावण्याचा सूर मला असह्य व्हायचा. "तंबाखू वाईट आहे हे सांगायला माझ्या संशोधनाची गरज नाही, ते जगाला माहीत आहे. ते तू खुशाल सांग. पण गिळल्यानं होतं असं तू आधीच गावभर सांगितलंस, तर ज्या घरात बाई गेली तिथे कोण कबूल करेल, की आमच्या घरात तिला थुंकायची सोय नव्हती? अन् जी आजारी आहे ती आठवून आठवून सांगेल, हो, मी गिळायची. मग खरं काय ते मला कुठून कळणार? एकदा बोभाटा झाला की हा प्रश्न पुन्हा कोणाला विचारता येणार नाही."

"आणि तोवर त्या बायकांचं काय?"

"विचारून झालं की प्रत्येकीचं तोंड बघतोच ना मी? सोड म्हणून सांगतोच ना?"

"ज्या घरी आपण गेलो तिथं. ज्या घरी गेलो नाही तिथं?"

डॉक्टर, त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. तुमच्या शोकसभेत तुम्हाला देवमाणूस म्हणताना मला फक्त तेच आठवत होतं. मी तुम्हाला भित्रे म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेत नाही, पण पुरेसा नव्हता, एवढं कबूल करते. भित्रा माणूस एवढ्या वर्षांचं स्वतःचं काम चूक निघाल्यावर दुसऱ्या रविवारी सकाळी पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहत नाही.

तुमचा शेवटचा फोन तर किती फालतू होता. "देऊळघाटला पुढच्या वेळी कोणाच्या घरी जायचं ते ठरव. आणि मागच्या वेळी एका घरी तू चहा नको म्हणालीस. नको म्हणत जाऊ नको." एवढंच. मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. चहावरून बोलणी खाल्ली म्हणून चिडले होते.

आता ऐका तुमच्या मागे काय झालं ते. तेरवीच्या आदल्या दिवशी आमच्या गटाचा प्रशांतदादा माझ्याकडे आला. पत्रक तयार करून आणलं होतं. वर तुमचा फोटो, फ्लेक्सवरचाच, तो अर्धा हात मात्र नीट कापलेला. मथळा माझाच. खाली ठळक अक्षरांत: 'तंबाखूचा रस गिळल्याने अन्ननलिकेचा कर्करोग! बुलडाण्याच्या डॉक्टरांचे आयुष्यभराचे संशोधन.'

"शोकसभेत वाटू," तो म्हणाला. "माणसं भावुक असतात, ऐकतात. अशी वेळ पुन्हा येनार नाही."

"डॉक्टर नको म्हणाले होते."

"डॉक्टर गेले ना पन. आता 'नको' म्हनायले कोन येते?"

खरं सांगू? मला ते पत्रक फार आवडलं. इतक्या वर्षांत आम्ही काढलेलं ते सगळ्यात चांगलं पत्रक होतं. ज्या घरी आपण गेलो नाही, त्या प्रत्येक घरात ते पोचलं असतं. माझ्या प्रश्नाचं तेच उत्तर होतं, आणि अडवायला आता तुम्ही नव्हतात.

मी ते घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "चांगलंय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हे ह्यांचं संशोधन म्हणून सांगणार, तर ह्यांचं कुठे झालं होतं अजून?"

"काकू, मग काय करू?"

"मला नको विचारू बाई. मी ह्यांच्याशी संसार केला, मला हे कधी एका झटक्यात हो म्हणाले नाहीत. पोरगी बघायला आले तेव्हासुद्धा 'विचार करून कळवतो' म्हणाले होते."

त्या हसल्या आणि मग त्यांना रडू आलं. मागच्या खोलीतले ठोकळे तुमची अकोल्याची विद्यार्थिनी घेऊन जाणार आहे, तुमचं राहिलेलं ती पुढे करणार आहे. पण ती काचा बघणार. स्वयंपाकघरात शिरून विचारायचं ते मीच. पत्रक वाटलं असतं, तर त्या सगळ्या घरांची दारं मीच बंद केली असती.

प्रशांतदादाचं पत्रक मी छापू दिलं नाही. तो माझ्याशी बोलत नाही. त्याऐवजी दुसरं काढलं. त्यावर बाईचं तोंड आहे. बाईनं खाल्ली तरी तंबाखू ती तंबाखूच, असं आहे. घास अडकत असेल, गिळताना दुखत असेल, तर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणू नका, जाऊन दाखवा, असं आहे. रस, सासरा, थुंकणं, तुमचं नाव, यातलं काहीही नाही. सगळं जगाला माहीत असलेलं. प्रशांतदादा गटातल्या बाकीच्यांना म्हणतो, हे पत्रक आहे की शाळेचं पुस्तक? त्याचंही चूक नाही. लाल शाई मात्र मी सोडली नाही.

आणि हा लेख? तो पुण्याच्या एका मासिकासाठी आहे. आपल्याकडच्या स्वयंपाकघरांत असली मासिकं पोचत नाहीत. एरवी मला याचा संताप येतो. या वेळी बरं वाटलं; इथे रसाचं लिहिलं तरी तिथली दारं बंद होणार नाहीत.

काल देऊळघाटला गेले. पहिल्यांदा एकटी. ज्या घरची बाई मागच्या वर्षी अन्ननलिकेच्या रोगानं गेली, त्या घरी. तिची सून आहे, तिशीची. तिला काही झालेलं नाही; तुमच्या हट्टातली ती ठणठणीत बाई. सासरे दारातच बसले होते. मी विचारायच्या आत म्हणाले, "आमच्या घरात तसलं कोनी काई खात नाई."

मी बसले. चहा घेतला. नको म्हटलं नाही. पावसाचं बोलले, सोयाबीनचं बोलले, त्यांच्या गुडघ्याचं ऐकून घेतलं. एवढा वेळ! माझा जीव चालला होता. मग सासरे उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले आणि मी आत गेले. सून भाकरी थापत होती. डॉक्टरांचं राहिलेलं काम करतेय, असं तिला सांगितलं. मी विचारलं. कधीपासून, किती, थुंकतेस की गिळतेस. तिनं थापता हात थांबवला.

"काऊन इचारून राह्यल्या? गिळल्यानं काय होते?"

डॉक्टर, माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मथळ्यासकट. ही बाई ते ऐकून डबी त्याच चुलीत टाकेल, असं वाटत होतं. तिची सासू त्याच रोगानं गेली होती. एक वाक्य, आणि ही वाचली असती. कदाचित. तुमचा तो 'कदाचित' तेव्हा मला जितका जड गेला, तितकं तुमच्याशी झालेलं कुठलंही भांडण गेलं नव्हतं.

मी म्हटलं, "तंबाखूनं वाईट होतं, ते नक्की. ते आपण नंतर बोलू, तुझं तोंडही बघू. पण गिळल्यानं वेगळं काय होतं, ते मला माहीत नाही."

"त्या डॉक्टरलेही माईत नवतं?"

"नाही. ते शोधत होते."

तिच्या हातावरची भाकरी वाळत चालली होती. मला वाटलं, आता ही म्हणेल, माहीत नाही तर आल्या कशाला.

"मले वाटलं तुमी सांगाले आल्या," ती म्हणाली. "समदे सांगालेच येतात. आशाताई सांगते, नर्सबाई सांगते, नवरा तं रोजच सांगते. इचाराले कोनी येत नाई."

"मी विचारायलाच आले."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले, आणि उठून मधलं दार लोटून घेतलं.

"मंग बसा," ती म्हणाली. "सासूबाईपासून सांगतो."